पुराच्या पाण्यात बुडालेली जुनी गाडी: दुरुस्त करायची की सोडून द्यायची?

पाणी ओसरल्यावर गाडी बघायला जाल तेव्हा चावी घरीच ठेवा. नुसतं पाण्यात उभं राहून इंजिन सहसा मोडत नाही. ते मोडतं पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून मारलेल्या सेल्फने. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरचे ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन वर येताना आतली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) १०:१ धरला, तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ३३ मिलिलिटर जागा उरते. १२४८ सीसीच्या डिझेल इंजिनात १७.६:१ रेशोला हीच जागा १९ मिलिलिटरच्या आसपास असते. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो. डिझेलला धोका जास्त, तो याचमुळे.

म्हणून पहिलं काम बॅटरीचं. १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि वायर बाजूला बांधून ठेवा. बॅटरी जोडलेली राहिली, तर ओल्या कनेक्टरमध्ये ज्या पिनांना कायम करंट असतो त्यांचं तांबं विरघळत जातं. यात दिवस नाही, तास मोजायचे असतात. मग हँडब्रेक सोडा, नाहीतर मागच्या ड्रममध्ये लायनर चिकटून बसतील. गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना दगड लावा. गाडी हलवायची ती सपाट ट्रकवर चढवून. गिअरमध्ये ठेवून ढकलायची नाही आणि दोरीने ओढून धक्का-स्टार्ट तर मुळीच करायचा नाही, कारण त्यानेही इंजिन फिरतंच.

पाणी कुठवर, कसलं आणि किती वेळ

निम्मा निर्णय या तीन प्रश्नांतच होतो. गॅरेजचं एस्टिमेट येईपर्यंत थांबायची गरज नाही.

पाण्याची पातळी आतून बघा. दाराच्या आतल्या पॅनेलवर आणि सीटच्या कापडावर गाळाची रेघ उमटलेली असते. रेघ दिसत नसेल, तर पुढच्या सीटखालचं कार्पेट मुठीत धरून पिळा आणि सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. बेल्टच्या खालच्या टोकाला डाग असेल, तर पाणी तिथवर आलं होतं.

पाणी फक्त कार्पेटपर्यंत असेल, तर बहुतेक गाड्या वाचवण्यासारख्या असतात. सीटच्या गादीपर्यंत असेल, तर गाडीत काय काय आहे त्यावर अवलंबून. डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर गेलं असेल, तर दहा वर्षांपुढची गाडी शक्यतो सोडून द्यावी. फ्यूजबॉक्स, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, काचा, लॉक सांभाळणारं युनिट), एसीचा ब्लोअर आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगची मोटर व तिचं कंट्रोल युनिट, असं सगळं डॅशबोर्डच्या खालीच असतं. एअरबॅगचं मॉड्यूल तर आणखी खाली, गिअर लिव्हरजवळ फ्लोअरवर बोल्ट केलेलं असतं.

‘जुनी गाडी’ म्हणताना सगळ्या एका मापाने मोजू नयेत, ते इथे कळतं. एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), पॉवर स्टिअरिंग यांपैकी काहीच नसलेली जुनी मारुती ८०० सीटपर्यंत बुडली, तरी चांगला मिस्त्री ती उभी करू शकतो. तिच्यात ओलं होऊन मरेल असं इलेक्ट्रॉनिक सामानच थोडं. २०१२-१३ची टॉप मॉडेल डिझेल हॅचबॅक तेवढ्याच पाण्यात बुडाली, तर तिचा खर्च तिच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. २०१९ पूर्वीच्या बऱ्याच बेस मॉडेलमध्ये एअरबॅग आणि एबीएस नसत. एरवी ही उणीव, पण पुरानंतरच्या हिशेबात तिचा खर्च वाचतो.

पाणी कसलं होतं यालाही तेवढंच महत्त्व आहे. मुंबईत भरतीच्या वेळी खाडीलगत तुंबणाऱ्या पाण्यात मीठ आणि गटाराची घाण असते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पुरातही मिठी नदीकाठी हेच मिश्रण होतं. खारं पाणी ओसरलं तरी मीठ जोडांत राहतं आणि हवेतली ओल धरून पत्रा व पिना खात बसतं. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी गोडं होतं, पण त्याने चिखल भरभरून आणला. तो अल्टरनेटर, ब्रेक ड्रम, ब्लोअर आणि दारांच्या पोकळीत जाऊन बसतो. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी कित्येक दिवस हललं नाही. इतका वेळ बुडालेल्या गाडीत पाणी ऑइल सीलमधून गिअरबॉक्समध्ये आणि ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या नळीतून) टाकीत गेलंच, असं धरून चालावं.

आमचा ठोकताळा असा: खारं पाणी आणि सीटच्या वर रेघ, तर जुनी गाडी दुरुस्त करू नका. गोडं पाणी, काही तासच, कार्पेटपर्यंत आणि सेल्फ मारलेला नसेल, तर नक्की करा. मधल्या सगळ्या गाड्यांसाठी पुढची तपासणी.

आधी विमा

बॅटरी सोडवण्यापलीकडे कुठेही पाना लावण्याआधी पॉलिसी उघडा. फक्त थर्ड पार्टी असेल, तर पुराचे पैसे मिळत नाहीत. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कवच) असेल, तर गाळाच्या रेघेचे, नंबरप्लेटचे, ओडोमीटरचे आणि बोनेटखालचे फोटो काढा, लगेच कंपनीला कळवा आणि सर्व्हेयर येईपर्यंत काही खोलू नका. पाण्याखाली किंवा नंतर सेल्फ मारून मोडलेलं इंजिन ‘परिणामी नुकसान’ ठरवून नाकारलं जाऊ शकतं. त्यासाठीचं इंजिन प्रोटेक्शन आणि झिरो डेप्रिसिएशन (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं) ही दोन्ही कवचं जुन्या गाड्यांना बहुधा मिळत नाहीत.

क्लेम मंजूर झाला तरी जुन्या गाडीच्या मालकाच्या खिशातून बरंच जातं. झिरो डेप नसेल, तर ५ ते १० वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के आणि १० वर्षांपुढच्या गाडीला ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅगवर गाडीचं वय कितीही असो, ५० टक्के. मजुरीवर घसारा नसतो. शिवाय नो क्लेम बोनस जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असेल तर पुढच्या वर्षीच्या हप्त्यातला फरकही खर्चात धरा. छोट्या दुरुस्तीसाठी क्लेम घेणं कधीकधी तोट्याचं ठरतं, ते यामुळे.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. जुन्या गाडीची आयडीव्ही मुळातच कमी, त्यामुळे ही रेषा लवकर ओलांडली जाते. पॉलिसी असताना डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी स्वतःच्या पैशाने वाचवायला जाण्यापेक्षा टोटल लॉस घेतलेला बहुतेक वेळा बरा.

इंजिन: उघडून खात्री करा

एअर फिल्टरची पेटी उघडा. कागद कोरडा आणि पेटीच्या तळाशी पाणी नसेल, तर सिलिंडरमध्ये पाणी जाण्याची शक्यता कमी. फिल्टर ओला असेल, तर गेलं असं समजा.

मग ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी कमाल खुणेच्या वर असेल किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) पाणी आहे. ऑइल नेहमीसारखं दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, उभ्या गाडीत पाणी तळाशी बसतं. चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा. पाणी असेल तर ऑइलच्या आधी तेच बाहेर येतं.

आता इंजिन हाताने फिरवायचं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. पेट्रोल असेल तर सगळे स्पार्क प्लग काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग, आणि पाणी जास्त गेल्याची शंका असेल तर इंजेक्टरही. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडा आणि तासभर थांबा. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट बसवून, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे द्या. छिद्रातून पाणी उडेल, तोंड लांब ठेवा. कुठे घट्ट लागलं तर जोर लावू नका. रिंगा गंजून धरल्या असतील, तर आणखी ऑइल घालून रात्रभर ठेवा.

रॉड वाकलाय का, हे हेड (सिलिंडरवरचं झाकण) न उघडताही बऱ्यापैकी कळतं. प्लगच्या छिद्रातून एक सरळ, मऊ काडी (लांब प्लास्टिकची नळी चालते) पिस्टनवर टेकवा, पिस्टन सगळ्यात वर आला की छिद्राच्या कडेशी खूण करा. चारही सिलिंडरच्या खुणा सारख्या यायला हव्यात. एखादा पिस्टन दोन-तीन मिलिमीटर जरी खाली राहिला, तरी त्याचा रॉड वाकला आहे.

त्यानंतर नवं फिल्टर आणि साधं स्वस्त ऑइल भरा, छोट्या इंजिनाला ३ ते साडेतीन लिटर लागतं. प्लग बाहेर ठेवूनच बाहेरच्या चांगल्या बॅटरीवर काही सेकंद सेल्फ फिरवा आणि कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) तपासा. पण हे मुख्य फ्यूजबॉक्स व कनेक्टर वाळल्याची खात्री झाल्यावरच. पेट्रोल इंजिनात साधारण १७० ते २०० पीएसआय येतं. नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १५ टक्क्यांच्या आत हवा. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन बरंच कमी असेल आणि चमचाभर ऑइल घालूनही वाढलं नाही, तर रॉड किंवा व्हॉल्व्हचं काम आहे. इथे एस्टिमेट एकदम फुगतं. पिस्टन-रॉडचं काम निघालेली दहा वर्षांपुढची गाडी सहसा इथेच सोडावी. सेकंडहँड इंजिन बसवायचा पर्याय गॅरेजवाला देईल, पण तेही कुठल्यातरी पुरातून आलेलं नाही याची खात्री करा आणि इंजिन नंबर बदलल्याची नोंद आरसी पुस्तकात करावी लागेल हे लक्षात ठेवा.

सगळं ठीक असेल, तर इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा, ऑइल-फिल्टर काढून टाका आणि हाच फेरा पुन्हा करा. दुसऱ्या वेळीही ऑइल दुधाळ निघालं तर तिसऱ्यांदा. योग्य ग्रेडचं ऑइल त्यानंतरच.

पण इंजिन चालू करण्याआधी इंधन तपासायला विसरू नका. टाकीच्या तळातून लिटरभर इंधन स्वच्छ पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर जमला, तर टाकी उतरवून धुवावी लागेल. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हा खालचा थर नुसत्या पाण्याचा नसतो, पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा जाड दिसतो. वरचं पेट्रोलही मग वापरू नये. कॉमन रेल डिझेलमध्ये पाणी पंप आणि इंजेक्टरपर्यंत गेलं, तर ते दोन्ही महाग पार्ट खराब होतात. म्हणून फिल्टरमधलं पाणी काढल्याशिवाय आणि टाकी तपासल्याशिवाय डिझेल गाडी चालू करूच नये.

वायरिंग: खरा खर्च इथे

इंजिनचा निकाल एका दिवसात लागतो. वायरिंगचा लागायला सहा महिने लागतात, आणि पुरातल्या गाड्यांवर लोक नंतर वैतागतात ते बहुतेक वायरिंगमुळेच. आज चालणारी पॉवर विंडो दिवाळीत बंद पडते, मग सेंट्रल लॉक, मग सकाळी गाडी चालू होत नाही.

दोन्ही पुढच्या सीट काढा. साधारण चार-चार बोल्ट असतात. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले, तर ते एअरबॅग किंवा सीट-बेल्टच्या प्रीटेन्शनरचे आहेत. बॅटरी काढून किमान दहा मिनिटं झाल्याशिवाय त्यांना हात लावू नका आणि मल्टीमीटर तर कधीच लावू नका. कार्पेट पूर्ण बाहेर काढा. त्याच्याखालचा फेल्टचा किंवा फोमचा थर पाणी धरून ठेवतो. कार्पेट वरून सुकतं, फेल्ट पावसाळाभर ओलाच राहतो आणि खालचा पत्रा सडतो. तो थर धुण्यापेक्षा नवा घाला. फ्लोअरला रबरी बुचं असतात, ती काढून पाणी वाहू द्या.

फ्लोअरवरून जाणारी वायरिंगची जुडी आता उघडी दिसेल. तिच्यावरचा प्रत्येक कनेक्टर उघडायचा. चिखल किंवा मीठ असेल तर आधी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मारून धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग हवा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर आणि शेवटी डायलेक्ट्रिक ग्रीस. पेट्रोलने धुणारे मिस्त्री आहेत. त्यांना थांबवा, बंद केबिनमध्ये पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला निमंत्रण. पिनांवर हिरवट-पांढरा थर किती कनेक्टरवर आहे, ते मोजा. दोन-चार ठिकाणी असेल तर पिना बदलून काम होतं. निम्म्या कनेक्टरवर हिरवट थर असेल, तर अख्खी जुडी बदलावी लागेल, आणि जुन्या गाडीसाठी ती मिळणंच मुश्कील.

ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कुठे आहे ते आपल्या मॉडेलचं बघून घ्या. काहींत बोनेटखाली बॅटरीजवळ, काहींत डावीकडे डॅशबोर्डखाली. ओला झाला असेल तर काढून, शक्य असेल तर उघडून बोर्डावर थर आहे का बघा. करंट नसताना भिजलेला ईसीयू साफ करून वाचू शकतो. करंट चालू असताना भिजलेल्याचे ट्रॅक जळतात. नवा घ्यायचा झाला तर इमोबिलायझरचं (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचं) कोडिंगही लागतं, ते एस्टिमेटमध्ये लिहून घ्या.

एअरबॅगचं मॉड्यूल पाण्यात गेलं असेल तर ते साफ करून वापरायचं नाही, नवंच बसवायचं. पुढच्या अपघातात ते उघडेल की नाही, हे गॅरेजमध्ये तपासता येत नाही. ‘एअरबॅगचा दिवा बंद करून देतो’ असं कोणी म्हणालं, तर ते गॅरेज सोडा.

स्टार्टर आणि अल्टरनेटर खोलून धुऊन, वाळवून, बेअरिंग-ब्रश बदलून बरेचदा वाचतात. न खोलता वापरले तर दोन-तीन महिन्यांत आवाज करू लागतात.

पत्रा, ब्रेक आणि बाकीचं

कार्पेट निघालेलंच आहे, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत जा. आवाज बद्द आला तिथे टोकाने दाबा. रनिंग बोर्डच्या आतली कड, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर आणि डिकीतली स्टेपनीची जागाही बघा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दहा वर्षांच्या गाडीला खाऱ्या हवेचा गंज आधीचाच असतो, पुराने तो फक्त उघडा पडतो. फ्लोअरला एखादं भोक पडलं असेल तर पॅच मारता येतो. रनिंग बोर्ड किंवा टॉवर सडला असेल, तर गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली.

ब्रेक फ्लुइड पूर्ण बदला, लिटरभर पुरतं. ड्रम उघडून धुवा, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावा. गिअर ऑइल तपासा, दुधाळ असेल तर बदलून थोडं चालवून पुन्हा बदला. क्लच दाबूनही गिअर खरखरत असेल, तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर जुन्या गाडीचा विषय संपला, आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.

सीएनजी किट असेल तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि किटचा वेगळा ईसीयू तपासा, आणि सिलिंडर व त्याचा व्हॉल्व्ह अधिकृत केंद्रातून तपासून हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची चाचणी) झाल्याशिवाय गॅस भरू नका, मागच्या टेस्टला तीन वर्षं झाली नसली तरीही.

हिशेब असा मांडा

समजा, तुमच्या मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या कोरड्या गाडीला बाजारात २ लाख मिळतात. आहे त्या अवस्थेत तुमच्या गाडीचे ५० हजार येतात. एस्टिमेट ८० हजार. त्यावर वायरिंगच्या पुढच्या सहा महिन्यांसाठी २५ टक्के घाला, म्हणजे १ लाख. पुरात बुडालेली गाडी दुरुस्तीनंतर विकायला काढली, तर खरं सांगून दीड लाख मिळतील असं धरा.

विकायचीच असेल तर दीड लाखातून १ लाख गेले, उरले ५० हजार. तेवढे तर आजच मिळत आहेत, मग दुरुस्ती कशाला? ठेवायची असेल, तर ती तुम्हाला दीड लाखाला पडते: १ लाख खर्च आणि आज न घेतलेले ५० हजार. दीड लाखात याच दर्जाची, इतिहास माहीत असलेली दुसरी गाडी मिळत नसेल, तर दुरुस्तीला अर्थ आहे.

आता आरसीची मुदत बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. मुदतीला दोनच वर्षं उरली असतील तर हे दीड लाख दोन वर्षांवर वाटले जातात, आणि सडलेल्या पत्र्याची गाडी फिटनेसला अडकते.

पैसे एकदम देऊ नका. आधी फक्त कार्पेट-सीट काढणं, ऑइल-इंधन काढणं, कॉम्प्रेशन आणि कनेक्टरची तपासणी, एवढ्याच कामाची मजुरी ठरवा. या टप्प्यावर थांबलात तर नुकसान थोडक्यात आटोपतं.

सोडून द्यायची ठरली तर

आरसी चालू ठेवून गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तिचा चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर ठोकला गेला, तर पोलीस तुमच्याच दारी येतील. नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट जपून ठेवा, नवी गाडी घेताना वाहन करात सवलत मिळण्यासाठी ते लागतं. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. त्याआधी कर्जाचा बोजा उतरवा आणि थकलेले ई-चलान भरा. फास्टॅग बंद करा. क्लेम घेतला नसेल, तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावता येतं.